एका स्वेटरला एकच हात

"दाखव," म्हणून उसवकाकू हात पुढे करायच्या, तेव्हाच आपण सावध व्हायला हवं असायचं. चष्मा कपाळावर सरकवून त्या आमचं विणकाम डोळ्यांजवळ न्यायच्या, पालथं करून बघायच्या आणि एका जागी बोट टेकवून म्हणायच्या, "इथं टाका गळालाय." आपल्याला काही कळायच्या आत सुई सर्रकन बाहेर. आठ दिवसांचं काम दोन मिनिटांत गुंता होऊन मांडीवर पडायचं. वर समजूत घालायच्या, "लई नाय गेलं, वीतभरच गेलं." संभाजीनगरच्या सिडकोतल्या आमच्या कॉलनीत त्यांचं खरं नाव फक्त लाइट बिलावर उरलं होतं.

मी बँकेत नोकरीला. माझी मुलगी मुग्धा सहा महिन्यांची असल्यापासून समोरच्या दारात, काकूंकडे वाढली. काकू मूळच्या पैठणच्या. नवरा गेल्यावर इथं एकट्याच राहायच्या. मुग्धाला वरण-भात त्यांनी भरवला, चालायला त्यांनी शिकवलं, पहिली अक्षरं त्यांनी गिरवून घेतली. मी आपली संध्याकाळी आयती मुलगी घरी आणायची. उपकार मोठे आहेत, मान्य. पण ताप चढला की पोरगी "काकू, काकू" म्हणून कण्हायची आणि उशाशी मी बसलेली असायचे. हे वर्षानुवर्षं ऐकून बघा आणि मग मला कोत्या मनाची म्हणा.

पुढे मुग्धा शिकायला नॉर्वेला गेली, बर्गन नावाच्या बंदराच्या गावी. महिनाभर तिच्याकडे जायचं ठरलं तेव्हाच मी मनाशी म्हटलं, तिच्यासाठी स्वेटर विणायचा. काकूंनी नाही, मी. पोरीच्या अंगावर एक तरी वस्तू माझ्या हातची असू दे. पण शिकवायला काकूंशिवाय होतं कोण? गेले नाक मुठीत धरून.

काकूंच्या घरी ओळी मोजायला चिंचोक्यांच्या दोन वाट्या होत्या. एक ओळ विणून झाली की एक चिंचोका या वाटीतून त्या वाटीत टाकायचा. मी मोबाइलवर मोजते म्हटलं तर म्हणाल्या, "तो वाजला की तू ओळ इसरतीस." आणि विसरायचेच मी, त्याचाच जास्त राग यायचा. पाठ तीनदा उसवली. उजवी बाही चारदा. रविवारी दुपारी सगळी कॉलनी घोरत पडलेली असायची आणि मी पन्नाशीची बाई शाळेतल्या मुलीसारखी उलट-सुलट टाके पुटपुटत बसलेली.

एकदा म्हटलंच, "काकू, एवढीशी चूक कुणाला दिसणार आहे?"

"तुला दिसंल," काकू म्हणाल्या आणि सुई ओढली.

जायला दहा दिवस राहिले आणि डावी बाही अजून बाकी होती. मी शरण गेले. म्हटलं, "काकू, एवढी बाही तुम्ही विणा. तुम्हाला दोन दिवसांचं काम आहे."

"नाय."

"का पण?"

"तुझा हात आवळ, माझा सैल. जिथं हात बदलला तिथं वीण बदलती. लांबून कळतं. एका स्वेटरला एकच हात."

मी आधीच चिडलेली. तोंडातून निघून गेलं, "आणि माझ्या पोरीला दोघींचे हात लागले, त्याचं काय?"

काकू उठल्या आणि चहा ठेवला. त्यात साखर घालायची विसरल्या. मीही मागितली नाही. दोघींनी तो तसाच प्यायला.

निघायच्या आदल्या दुपारी शेवटचा टाका बंद केला. काकूंनी चष्मा कपाळावर सरकवला, स्वेटर पालथा केला, शिवणीवरून बोट फिरवलं. माझा जीव टांगणीला. बऱ्याच वेळानं घडी घालून माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, "ने." बस, इतकंच. चांगला झालाय म्हणायला काय जात होतं त्यांचं? विमानातही मी धुसफुसतच होते.

बर्गनच्या विमानतळावर मुग्धानं स्वेटर अंगाला लावून पाहिला आणि पहिलं काय विचारावं? "काकूंनी विणला?"

"मी विणलाय."

"तू?" म्हणाली आणि हसली. त्यात तिथला वारा. आम्ही दोघी बायकांनी अंदाज धरला तो संभाजीनगरच्या थंडीचा, सकाळी दूध आणायला जाण्यापुरती थंडी ती. तिथं तो अंगाला चाळणीसारखा. मग माझी एवढी मेहनत विंडचीटरच्या आत गडप झाली. कपाळाला हात लावला मी.

आठव्या दिवशी सकाळी काकूंच्या भाच्याचा निरोप आला. पूजा करून खुर्चीत बसल्या, त्या उठल्याच नाहीत. मी मोबाइल उपडा ठेवला. मुग्धा आतून ओरडली, "आई, ऊन पडलंय. बंदरावर जाऊ या." विंडचीटर खुंटीलाच ठेवून ती नुसत्या स्वेटरवर बाहेर पडली.

काय देखणं ते गाव. लाल-पिवळी लाकडी घरं एकमेकांना टेकून उभी, पुढ्यात बोटी, मागे हिरवे डोंगर. मला काही म्हणजे काही बघवत नव्हतं. पोरगी मासळीबाजार दाखवत होती, बोटींची नावं वाचत होती आणि मी हो-हो करत होते. कुठं सांगावं, कसं सांगावं? आता या वळणावर म्हणता म्हणता सगळा धक्का चालून संपला.

"काकूंना दाखवू," मुग्धा म्हणाली. "त्या जायकवाडीलाच समुद्र म्हणतात. खरा बघू देत एकदा." तिनं व्हिडिओ कॉल लावायला मोबाइल काढला.

मी तिचा हात धरला आणि सांगितलं.

बोटी बांधायच्या लोखंडी खुंटावर ती मटकन बसली आणि मला मिठी मारून रडायला लागली. किती वर्षांनी माझी मुलगी माझ्या कुशीत रडत होती, आणि रडत होती काकूंसाठी. खोटं कशाला बोलू, त्याही घटकेला मला काकूंचा राग आला. मग माझंही रडू आवरेना.

थोड्या वेळानं ती खिसे चाचपायला लागली. रुमाल दोघींकडेही नव्हता.

"बाहीला पूस," मी म्हटलं.

"नको गं. तू विणलायस."

"म्हणूनच म्हणते. पूस."