दारापर्यंत जाणारं कासव

नागपूरच्या टोकाला, वाडीतल्या एका शाळेत मी आठवड्यातून एकदा, गुरुवारी, तिसरीच्या मुलांना नाच शिकवायला जायची. हुडकेश्वरहून स्कूटरवर अख्खं नागपूर ओलांडून पोचायचं, तर कधी गणिताची चाचणी लागलेली, कधी वर्गातले बाक हलवायला कुणी नाही. पाऊण तासाच्या तासातली पंधरा मिनिटं बाक सरकवण्यातच जायची. शाळेमागच्या गोदामात ट्रक मागे घेताना जो पिपाणीसारखा आवाज येतो, त्यावर ताल धरायला मुलं आपणहून शिकली होती. तेवढं एक फुकटात मिळालं.

मी अकरा वर्षं भरतनाट्यम शिकले. पण या मुलांना मुद्रा शिकवायच्या नव्हत्या. मी त्यांना एक गोष्ट सांगितली. तळं आटत चाललंय, पक्षी एकेक करून दुसऱ्या पाण्याकडे निघून जातात आणि कासव मागं उरतं. ही गोष्ट अंगानं सांगायची, एवढंच मला हवं होतं.

पहिले दोन गुरुवार सगळ्यांनी नुसते हात फडफडवले. वर एक जण विचारी, "मॅडम, गाणं केव्हा लावता?"

तिसऱ्या गुरुवारी मी चिडून म्हणाले, "हात नाही हलवायचे. जायचं मन नाही, तरी जावं लागतं. तेव्हा माणूस कसा जातो, ते दाखवा."

 मग मागून आवाज आला, "मॅडम, खोली बदलतो तसं?"

यातली निम्मी मुलं भाड्याच्या खोल्यांतून राहणारी, बाप ट्रकवर नाहीतर गोदामात. कुणी डोक्यावर न दिसणारं गाठोडं घेतलं. एकानं न दिसणारा पंखा छतावरून काढून पोटाशी धरला आणि तो पडू नये म्हणून तिरका तिरका चालत गेला. 

कासव झालेली मुलगी वर्गात फारशी बोलायची नाही. मी तिला मध्यभागी बसून राहायला सांगितलं होतं. ती बसेना. प्रत्येक पक्ष्यामागे चार पावलं जायची, थांबायची, परत यायची.

"अगं, कासव बसून असतं," मी म्हणाले.

"नाही मॅडम. थे दारापर्यंत जाते. पोचवाले."

मी तिला पक्ष्यांना पोचवायला जाऊ दिलं.

पुढच्याच गुरुवारी मुख्याध्यापिका दारात उभ्या राहिल्या. थोडा वेळ पाहून म्हणाल्या, "हे काय चालू आहे? पोरं नुसती येरझारा घालून राहिली."

"मॅडम, गोष्ट आहे ती. निरोपाची."

"असेल. पण गॅदरिंगले पालकांनी टाळ्या कुठं वाजवायच्या? मले स्टेप्स पाहिजेत. रांगेत, सगळ्यांच्या सारख्या." गाणं त्यांनी आधीच ठरवलं होतं. फोनवर लावूनही दाखवलं. धडधडतं सिनेमातलं गाणं, मुलांना तोंडपाठ असलेलं. मुलं आनंदानं ओरडली. त्याचाही मला राग आला.

मी भांडायला हवं होतं. दोन वाक्यं बोलले, तिसरं गिळलं आणि उरलेले गुरुवार एक-दोन-तीन-चार मोजत काढले. गाठोडी गेली, पंखा गेला. ती मुलगी मोजण्यात नेहमी अर्धं पाऊल मागे राहायची. ते दिसू नये म्हणून मीच तिला शेवटच्या रांगेत टाकलं. हे कुणी सांगितलं नव्हतं, मीच केलं.

गॅदरिंगला टाळ्या भरपूर पडल्या. मुख्याध्यापिकांनी माझी पाठ थोपटली.

मुलांचे चमचमते पोशाख गोळा करत होते, तेवढ्यात त्या मुलीची आई आली. हातात घट्ट धरलेली लेक. "मॅडम, हिले नाच येत नाही का?"

"येतो," मी म्हणाले. "खूप छान येतो."

"मंग मांगं काहून उभी केली? मले तं दिसलीच नाही."

मी त्या कासवाबद्दल सांगायला लागले. तळं, पक्षी, दारापर्यंत जाणं. ऐकता ऐकता तिच्या चेहऱ्यावर मला स्पष्ट दिसलं, की ही बाई आपल्याला टाळतेय असं तिला वाटतंय. तिनं मान हलवली, "बरं मॅडम," म्हणाली आणि लेकीला घेऊन गेली. 

नव्या शालेय वर्षी कासवाची गोष्ट पुन्हा करायला गुरुवारचा तो तास मी अर्ज करून मागितला. तो स्कॉलरशिपच्या सरावाला दिलाय, असं शाळेनं मला तोंडीच कळवलं. लेखी उत्तर अजून आलेलं नाही.