गच्चीवरच्या सवती

परवा एका लग्नात पंगतीतल्या कुणा बाईंनी "अहो" अशी हाक मारली आणि हॉलमधले पाच-सहा पुरुष एकदम वळले. त्यांत आमचे हेही होते. आवाज माझा नव्हता, तरी वळले. तो घास मला गोड लागला नाही.

यांच्या प्रयोगशाळेच्या गच्चीवर आठ अँटेना ओळीने उभ्या आहेत. सगळीकडून रेडिओचे संदेश एकमेकांत मिसळून येतात आणि कुठला कुणाचा, हे आधी कुणीच सांगत नाही. प्रत्येकीला तो गलका किंचित मागेपुढे ऐकू येतो. तेवढ्या फरकावरून त्या मिळून एकेक आवाज सुटा करतात, कुठून आला तेही ओळखतात. जागच्या हलत नाहीत, पण कान बरोबर तिकडे वळतात. हे सांगताना यांचा चेहरा असा उजळतो, की माझ्या पोटात दुखतं. माझ्याबद्दल हे कुणाशी इतकं बोलले असतील, असं वाटत नाही.

मीही यांना नावाने कुठे हाक मारते? स्वयंपाकघरातून "अहो, अहो" करते, आणि हे कुकरची शिट्टी ऐकून येतात.

म्हणून त्या दिवशी जेवण झाल्यावर हॉलच्या दुसऱ्या टोकाला गेले आणि मुद्दाम हाक मारली, "अहो."

चार परके नवरे वळले. आमचे हे नवरदेवाच्या मामांना समजावत होते, "नाव लागतच नाही हो. नुसत्या आवाजावरून बरोबर कळतं."