अर्धं पातं

गल्लीने त्याचं नाव कंपाउंडर पाडलं होतं आणि त्यात गल्लीची काही चूक नव्हती. दुकानात पाऊल टाकलं की आधी स्पिरिटचा वास यायचा, मग साबणाचा. दोन खुर्च्या, एक लांब आरसा आणि आरशाशेजारी त्याच्याच बाळबोध अक्षरात लिहिलेले नियम: प्रत्येकाला धुतलेला टॉवेल, प्रत्येकाला नवं पातं, तुरटीचा खडा गालावर फिरवला जाणार नाही, तुरटीचं पाणी फवारलं जाईल. दाढीला आलोय की ऑपरेशनला, असं कुणी विचारलंच तर तो म्हणायचा, ऑपरेशनला भूल देतात, इथे स्वतःच गप्प बसावं लागतं.

हे वेड त्याला उगाच लागलं नव्हतं. त्याच्या वडिलांचा एकच वस्तरा अख्ख्या गल्लीच्या गालांवरून फिरायचा. दगडावर घासला, चामड्याच्या पट्ट्यावर दहा वेळा मागेपुढे केला, की झाला तयार. रक्त लागलं तर वडील म्हणायचे, धुतलं की गेलं. तो सतरा वर्षांचा असताना त्याने त्या वस्तऱ्याने एका सकाळी सहा जणांच्या दाढ्या केल्या आणि आठवड्याभरात सहाही जणांच्या हनुवट्या पिकल्या. ते सहा जण दुकानासमोर उभे राहिले होते आणि वडील एकेकापुढे हात जोडत होते. ते जोडलेले हात त्याच्या डोळ्यांपुढून कधी गेले नाहीत.

म्हणून दुकान हाती येताच त्याने तो वस्तरा खणात टाकला आणि पातं बदलता येणारा वस्तरा घेतला. पुटकुळ्या असलेल्या चेहऱ्याला तो साधं सेफ्टी रेझर वापरायचा, थरथरत्या मानेच्या म्हाताऱ्याला मशीन. बाकी सगळ्यांना अर्धं पातं. कागदातल्या कागदात पातं मधोमध मोडायचं, अर्धं वस्तऱ्याच्या तोंडात बसवायचं, उरलेलं अर्धं त्याच कागदात गुंडाळून फळीवर पुढच्या माणसासाठी ठेवायचं. वापरलेलं पातं चीर पाडलेल्या पत्र्याच्या डब्यात. हे सगळं गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत चालायचं, आणि खरं सांगायचं तर त्याचा त्याला थोडा तोराही होता.

त्या दिवशी दुकान उघडल्या उघडल्या एक अनोळखी माणूस आला. अंग वाळलेलं, शर्ट खांद्यावरून लोंबणारा. दवाखान्यात भरती व्हायला निघालो आहे, त्याआधी माणसात येऊ द्या, म्हणाला. गाल इतके बसलेले की हनुवटीखाली पातं जरा लागलंच. कंपाउंडरने कापूस दाबला, तुरटीचं पाणी मारलं, माणूस पैसे देऊन गेला. आणि तेवढ्यात दारात व्याही उभे.

व्याही म्हणजे त्याच्या एकुलत्या एक लेकीचे सासरे. वजनमापं तपासणाऱ्या खात्यातून निवृत्त झालेले. चाळीस वर्षं दुकानदारांच्या तराजूत खोट शोधलेला माणूस. त्याच्यापुढे कंपाउंडर नेहमीच अंग चोरून बसायचा. पण आज ते हसत आले. सुनेला दिवस गेले आहेत, ही बातमी फोनवर सांगण्यासारखी नव्हती म्हणून मुद्दाम आलो, म्हणाले. कंपाउंडरला आनंदाने काय करू नि काय नको असं झालं. त्याने त्यांना खुर्चीत बसवलं, नको नको म्हणत असताना गालाला फेस लावला. कितवा महिना, डॉक्टर काय म्हणाली, तिला उलट्या होतात का, असं विचारता विचारता दाढी उरकलीदेखील. कानाखाली एक थेंब रक्त आलं. "आता रक्ताचं नातं झालं बघा," व्याही म्हणाले आणि दोघं खूप हसले.

त्यानंतर चार जण आले, पण सगळे केस कापून घेणारे. दुपारी खुर्च्या पुसताना कंपाउंडरचं लक्ष फळीवर गेलं. कागदात गुंडाळलेलं अर्धं पातं तिथेच होतं.

सकाळी त्याने एकच पातं मोडलेलं त्याला आठवत होतं. अर्धं त्या वाळलेल्या माणसाला. दुसरं अर्धं व्याह्यांना लागायला हवं होतं. ते इथे होतं. मग व्याह्यांना काय लावलं? कदाचित त्यांच्यासाठी खास दुसरं पातं मोडलं असेल; व्याह्यांना अर्धवट ठेवलेलं कोण लावेल? त्याने डबा हलवून पाहिला, त्यात महिन्याभराची पाती खुळखुळली. वस्तरा तर सवयीने केव्हाच धुऊन पुसून झाला होता. आणि मग, काही कारण नसताना, त्याला आरशातला तो पहिला चेहरा दिसला. त्या माणसाचे डोळे पिवळे होते.

नगरपालिकेने न्हाव्यांसाठी एकदा दिवसभराचं शिबिर ठेवलं होतं. बाकीचे तिथे चहाच्या वेळेची वाट बघत बसले. याने वहीत उतरवून घेतलं होतं. काविळीचा एक प्रकार रक्तातून पसरतो. डोळ्यांना न दिसेल एवढं रक्त पुरतं. शंका आली तर ताबडतोब दवाखाना गाठा, चोवीस तासांच्या आत इंजेक्शन मिळालं तर उत्तम. व्याह्यांची दाढी दहा वाजता झाली होती. आता दोन वाजले होते.

तो घरी गेला, ताटावर बसला, उठला. बायकोने विचारलं तेव्हा त्याने सगळं सांगून टाकलं. ती बोटांनी पदर पिळू लागली.

"सांगू नका," ती म्हणाली. "झालं असेलच असं कुठे आहे? आणि सांगितलंत तर पोरीला जन्मभर ऐकून घ्यावं लागेल. तिचे हे दिवस आहेत, निदान तेवढं तरी बघा."

"तिचे हे दिवस आहेत म्हणूनच," तो म्हणाला, पण उठून निघायचा धीर त्याला झाला नाही.

तो परत दुकानात आला. एकाच्या अर्ध्या डोक्याचे केस कापून गल्ला बंद आहे का पाहायला गेला, मग कात्री कुठे ठेवली ते शोधत बसला. त्या गिऱ्हाइकाने आरशातून दोनदा बघितलं. चार वाजता कंपाउंडरने वस्तरा हातात धरून सकाळचा क्रम पुन्हा करून पाहिला: टॉवेल, फेस, मग हात फळीकडे जातो. गेला होता का? एकदा वाटायचं गेला होता, कागद फाटल्याचा आवाजही ऐकू यायचा. लगेच वाटायचं, तो आवाज कालचा. मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात. इथे तर मन वकीलही झालं होतं आणि न्यायाधीशही, आणि निकाल काही लागत नव्हता. पाच वाजता त्याने शटर ओढलं आणि बस पकडली. एक थांबा आधीच उतरला. व्याह्यांच्या दारावरून दोनदा पुढे गेला.

दार लेकीने उघडलं. बाबा सकाळची बातमी ऐकून धावत आले, असं तिला वाटलं आणि तिचा चेहरा फुलला. ती चहा ठेवायला आत गेली. व्याही बाहेरच्या खोलीत पेपर वाचत होते. त्यांच्या कानाखाली रक्त सुकून बारीक काळा ठिपका झाला होता. कंपाउंडर बसला नाही. जे होतं ते त्याने उभ्या उभ्या, हळू आवाजात सांगितलं. पातं बदललं की नाही हे आठवत नाही, आणि आधीच्या माणसाचे डोळे पिवळे होते.

व्याह्यांनी पेपरची घडी घातली.

"नव्हतं बदललं," ते म्हणाले. "मी बघत होतो."

कंपाउंडरला आधी कळेचना. मग तो खुर्चीच्या कडेवर टेकला.

"त्या माणसाला वापरलेला वस्तरा तुम्ही पाण्यातून काढलात आणि तसाच लावलात. समोर तुमचीच पाटी. चाळीस वर्षं मी लोकांच्या चुका काढल्या, पण लेक दिलेल्या माणसाला त्याच्या दुकानात कसं बोलू? तुम्ही इतके खुशीत होतात."

एवढा सगळा दिवस ज्या एका गोष्टीसाठी त्याने स्वतःला फाडून खाल्लं, ती या माणसाला सकाळपासून माहीत होती. कंपाउंडरला राग आला, चक्क राग, आणि तो कुणावर काढावा हे समजेना. "हात धरायचा होता माझा," तो म्हणाला. "खुर्चीत बसलेला माणूस व्याही नसतो."

आतून कपबशांचा आवाज येत होता. फेरफटका मारून येतो, असं सुनेला सांगून व्याह्यांनी चपला घातल्या. दोघं रिक्षात बसले. वाटेत व्याह्यांनी एकदाच विचारलं, सूनबाईला काही धोका नाही ना, आणि कंपाउंडर म्हणाला की तेही डॉक्टरांना विचारू. सिग्नलला रिक्षा थांबली की कंपाउंडरचा पाय आपोआप हलायचा.

सरकारी दवाखान्यात संध्याकाळची गर्दी होती. खिडकीत केसपेपर लिहिणाऱ्या बाईने वर न बघता काय झालं म्हणून विचारलं. व्याही चटकन पुढे सरकले.

"घरीच दाढी करताना जरा कापलं," ते म्हणाले. "दुसऱ्याचं पातं चुकून लागलं."

त्यांनी मागे वळून कंपाउंडरकडे पाहिलं, पाठीशी घातल्यासारखं. बाईने लिहायला सुरुवात केली होती. मागच्या बाकावर दोन ओळखीचे चेहरे होते. दर रविवारी याच्याच खुर्चीत बसणारे, घरी जाऊन त्याच्या नियमांचं कौतुक करणारे. ते याच्याकडे बघून हसलेही.

कंपाउंडरने खिडकीच्या कट्ट्यावर दोन्ही हात ठेवले.

"बाई, ते खोडा," तो म्हणाला. "घरी नाही, माझ्या दुकानात. मी न्हावी आहे. आधीच्या माणसाचं रक्त लागलेलं पातं मी यांना लावलं, सकाळी दहा वाजता. त्या माणसाचे डोळे पिवळे होते. तोही इथेच भरती झाला असेल, त्याचा कागद काढून बघा."

बाकावरची कुजबुज थांबली. बाईने आता वर पाहिलं आणि नीट ऐकू आलं नाही, पुन्हा सांगा, म्हणाली. त्याने पुन्हा सांगितलं, आणि आवाज खाली आणला नाही.