एका सुरातलं वाचन

मांडवगण फराट्याजवळच्या एका वस्तीवर आमची दोनशिक्षकी शाळा होती. नव्वदचं दशक सरत आलं होतं. मी नोकरीत नवी होते आणि राग नाकावर घेऊनच वर्गात शिरायचे. पण माझी तिसरी-चौथीची पोरं वाचायची, ते ऐकावं! सगळी एका सुरात, ओळीच्या शेवटी आवाज चढवून, माना डोलवत. तो सूर मीच लावून दिला होता. बांधावरून जाणारी माणसं थांबून ऐकायची आणि मी आतल्या आत फुगायचे.

त्यात सगळ्यात खणखणीत आवाज तिसरीतल्या एका मुलीचा. तिचे वडील पूर्वी मेंढरं घेऊन गावोगाव फिरायचे. आता ऊस लावून एका जागी बसले होते, तरी तीसेक मेंढ्या राखून होते. त्यांना स्वतःला अक्षरओळख नव्हती.

एके दुपारी ते एक लग्नपत्रिका घेऊन शाळेत आले. मुलीने ती वरच्या कुलदैवतापासून खालच्या चिल्ल्यापिल्ल्यांपर्यंत धडाधडा वाचून काढली. मी कौतुकाने बघत होते.

"लगीन कवा हाय?" वडिलांनी विचारलं.

मुलगी माझ्याकडे बघायला लागली.

"बरं, कुठं हाय ते तरी सांग."

तेही सांगता येईना. तिने पुन्हा पहिल्यापासून सूर लावला. वडिलांनी पत्रिका हळूच तिच्या हातातून काढून घेतली.

"बाई, गळा झ्याक हाय पोरीचा. पर काय वाचलं ते तिलाच ठावं न्हाई. मंग मेंढरामागं गेली तर काय वाईट? तिकडं तरी माणूस लागतंय."

मला राग आला आणि तो त्यांच्यावर काढता येईना म्हणून जास्तच आला. चूक माझी होती. दिवाळीपर्यंत तिला शाळेतून काढू नका, एवढं मी मागून घेतलं.

दुसऱ्या दिवसापासून सूर बंद. पोरं हिरमुसली, त्यांच्या लेखी मी शाळाच बंद केली होती. घरात असेल तो छापील कागद आणा म्हटलं. पत्रिका आल्या, बियाण्यांची पाकिटं आली, खताची रिकामी गोणीसुद्धा आली. दोन ओळी वाचायच्या, कागद पालथा घालायचा आणि काय कळलं ते शेजारच्याला आपल्या बोलीत सांगायचं. पहिले काही दिवस सगळा वर्ग मिठाची गुळणी धरून बसला. मी चिडायचे, खडू आपटायचे, मग जेवणाच्या सुट्टीत त्यांच्याच डब्यातली चटणी खाऊन समेट करायचे.

एकदा ती मुलगी गोणीसमोर बराच वेळ बसली आणि म्हणाली, "बाई, हितं हुक लावू नये म्हणत्यात. मंग आमच्यात हुकानंच का उचलत्यात?"

वाचून कुणी मला प्रश्न विचारण्याची ती पहिलीच खेप. मी तिचा गालगुच्चाच घेतला.

दिवाळीच्या तोंडावर वडील आले. हातात मेंढ्यांच्या जंताच्या औषधाची बाटली आणि तिच्यासोबत मिळालेला कागद.

"किती पाजायचं त्येवढं सांग. आजच समद्यांना पाजून टाकतो."

मुलीने कागद घेतला आणि गप्प उभी राहिली. ओठसुद्धा हलेनात. वडील मुदत विसरले नव्हते, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. माझा धीर सुटला आणि जुनी खोड उसळून आली.

"अगं, मोठ्याने वाच की!"

"थांबा की बाई," ती कागदावरची नजर न काढता म्हणाली, "मी ऐकतीया."

मग तिने कागद छातीशी पालथा धरला. "आप्पा, गाभण मेंढ्यांना पाजू नगा म्हणलंय ह्यात. आपल्या तर निम्म्या गाभण हायत."

वडिलांनी बाटलीकडे बघितलं, मग पोरीकडे.

"आधी गाभण येगळ्या काढाय लागतील," ते म्हणाले. बाटली पिशवीत टाकून पायऱ्या उतरले आणि माझ्याकडे न बघताच बोलले, "दिवाळी झाली तरी शाळंत येती ती."

मी "बरं" म्हटलं आणि फळ्याकडे तोंड करून डोळे पुसले.