रबरी बटणांना मिळालेला कौल

मालवणात घरोघरी नवे कॉम्प्युटर यायला लागले, तेव्हा मला जुना हवासा झाला. जुना म्हणजे आमच्या लहानपणीचा, टीव्हीला जोडायचा, कॅसेटवरून गेम चढवायचा. कुवेतच्या मामाने आणलेला तसला एक आमच्याकडे होता. खाऱ्या वाऱ्याने तो कधी खाल्ला ते कळलंसुद्धा नाही. पण गेम चढतानाच्या दुपारी माझ्या मनात तशाच आहेत. टेपमधून किर्र-कुंई आवाज, टीव्हीच्या कडेने धावणाऱ्या निळ्या-पिवळ्या पट्ट्या, खिडकीबाहेर डुलणारे माड, आणि शेजारी मांडी घालून बसलेला दादा. तेवढा वेळ आम्ही दोघं पाण्याखाली बसल्यासारखं वाटायचं.

दादा पुढे मालवाहू बोटीवर नोकरीला लागला. बाबा गेले तेव्हा तो भर समुद्रात होता, अग्नी द्यायला पोचला नाही. नंतर त्याचा फोन आला, तेव्हा आये दुःखाच्या भरात बोलून गेली, "आता येव नको." त्याने ते मनाला लावून घेतलं. तेव्हापासून रविवारी दुपारी फोन यायचा तो फक्त माझ्यासाठी. आये शेजारी उभी राहून पदर पिळत ऐकायची. तो तिचं नाव काढायचा नाही आणि ती रिसीव्हर मागायची नाही. दोघंही हट्टी मेली. मधल्या मधे माझा जीव जायचा.

शोधता शोधता मला दोन कॉम्प्युटर सापडले. एक गावातल्या ख्रिस्ती सरांकडे होता, गोव्याच्या भाच्याने दिलेला. टंकयंत्रासारखी घट्ट बटणं, जॉयस्टिक, मूळचा खोका, आणि वायर लावली की चालू. दुसरा तोंडवलीला एका होडीवाल्याच्या माळ्यावर पडलेला, अगदी आमच्याकडे होता तसाच, रबरी बटणांचा. बटणं चिकट झालेली, मागच्या पिना हिरव्या पडलेल्या, चालेल याची खात्री शून्य. कुठला घ्यावा हे शेंबडं पोरसुद्धा सांगेल. मी आयेला दोन्हींचं वर्णन केलं. तिने रबरी बटणांचं दोनदा विचारून घेतलं आणि म्हणाली, "कौल लावन घे."

आमच्याकडे होडी, विहीर, सोयरीक, सगळं देवाला विचारून. पण कॉम्प्युटर? आयेबरोबर देवळात जाताना मी वाटभर धुसफुसत होते. देवाला काय कळतंय त्यातलं? गुरवाने पाषाणावर डावी-उजवीकडे ओल्या पाकळ्या चिकटवल्या. उजवीकडची आधी पडली की होकार. मग त्याने गाऱ्हाणं घातलं, "बा देवा म्हाराजा, हिचो थोरलो झील दर्यार आसा. ह्यो रबराच्या बटणांचो कॉम्प्युटर घरात इलो आणि तो आवशीवांगडा बोललो, तर उजवो कौल दी."

मी चमकले. मी आले होते कॉम्प्युटरसाठी, आणि आयेने माझ्या आधी गुरवाच्या कानात आपलंच घातलं होतं, दादाने तिच्याशी बोलावं म्हणून. आधी राग आला. मग तिचे जोडलेले हात दिसले आणि मला रडूच आलं. बराच वेळ काही पडेना. गाभाऱ्यात तेलाचा आणि ओल्या फुलांचा वास कोंडला होता, बाहेर कुठेतरी कवडा घुमत होता, मी उभ्या उभ्या झोपेत गेल्यासारखी झाले. मग उजवीकडची पाकळी अलगद सुटून खाली आली.

कौल मोडता येत नाही. सरांचा कॉम्प्युटर पणजीच्या कुणा हौशी माणसाने नेला. मी पुढे कितीतरी दिवस चरफडत, तोंडवलीचं ते मढं खोलून स्पिरिटने पुसत बसले. पिना घासल्या, वायर बदलली, नवसासारखी रोज एकदा लावून पाहिली. एका सकाळी टीव्हीवर पांढरा चौकोन उमटला. आये चुलीपुढून उठून आली आणि तो चौकोन बघून परत गेली.

रविवारी फोन आला. मी दादाला म्हटलं, थांब जरा, आणि आमची जुनी कॅसेट लावून रिसीव्हर टेपच्या पुढ्यात धरला. किर्र-कुंई सुरू झालं. पट्ट्या धावू लागल्या. बाहेर ऊन माडांच्या झावळ्यांवर पेंगत होतं. परदेशातला कॉल, मिनिटामिनिटाला त्याचे पैसे जात होते. तो ऐकतोय की फोन ठेवून गेलाय, तेही मला कळेना. आये दारात उभी होती, भिंतीला हात लावून.

गेम चढला. मी रिसीव्हर कानाला लावला. पलीकडून दादाने विचारलं,

"आये खंय आसा?"

"हय उभी आसा."

"तिका दी."

टीव्हीवरचा माणूस कुणी खेळत नसल्याने खड्ड्यात पडून पुन्हा पुन्हा मरत होता, मी त्याला मरू दिलं. आयेने दोन्ही हातांनी रिसीव्हर धरला. इतक्या वर्षांचं साठलेलं आता ही काय काय बोलणार म्हणून मी टीव्हीचा आवाज बारीक केला. ती म्हणाली, "जेवलंस?"

त्याने काय उत्तर दिलं ते मला ऐकू आलं नाही. आये भिंतीला टेकत खाली बसली आणि कितीतरी वेळ नुसती "हां बाबा, हां" म्हणत राहिली.