नातेवाईकाची सही

आमच्या इस्पितळात कुणीही, कुठूनही ‘मावशी’ अशी हाक मारली की गोरी मावशी उठून उभी राहायची. वॉर्डात काम करणाऱ्या आयांना सगळे मावशीच म्हणतात, हे तिला ठाऊक नव्हतं असं नाही. पण नाशिकनं तिला दिलेलं पहिलं नाव तेच, तेव्हा ते आपलंच, असं तिनं ठरवून टाकलं होतं. पिंपळगावची एक बाळंतीण एकदा कळवळून ओरडली, “मावशे, भांडं दे ना वं, लय कळ येऊ राह्यली!” पायाच्या ड्रेसिंगला आलेली ही बाई लंगडत गेली आणि भांडं घेऊन आली. आमच्या आयानं, सुमनबाईनं, कपाळावर हात मारून घेतला.

ती मूळची स्वित्झर्लंडची. नाशिकच्या एका कारखान्यात यंत्रं बसवायला नवरा आला, त्याच्यामागून ही आली. नवरा इथंच वारला. तिकडे तिचं कुणी उरलं नव्हतं, म्हणून ही इथंच राहिली. इस्पितळाचं नाव सांगत नाही. सांगून आता काय उपयोग? मी तिथे केसपेपरच्या खिडकीवर कारकून होतो. ‘गाव?’ असं विचारलं की ती ठणकावून सांगायची, “नाशिक. अजून किती वर्षं विचारणार रे?” दर मंगळवारी ती ड्रेसिंगला आली की तिला चिडवायला मी विचारायचो.

रांग हा तिचा हट्ट. आमच्याकडे रांग म्हणजे खिडकीतून एकदम आत आलेले पाच-सहा हात. ही मात्र सगळ्यांच्या मागे शांत उभी. साखरेचा आजार, तपासणीसाठी उपाशी आलेली, तरी खिडकीशी पोहोचायला तिला बारा वाजायचे. “अहो मावशी, पुढे या ना!” मी ओरडायचो. “सगळेच पुढे आले तर मागे कोण उभं राहील?” हे तिचं उत्तर. मला भयंकर राग यायचा. अजूनही येतो.

एकोणीसशे त्र्याऐंशीच्या सुमाराला तिच्या पायाची जखम चिघळली, बोटं काळी पडली. तिला भरती केलं. मोठे डॉक्टर म्हणाले, पाय कापावा लागेल आणि उशीर चालणार नाही. संमतीचा फॉर्म घेऊन मी तिच्या खाटेशी गेलो. तिनं सहीसाठी हात पुढे केला.

“पेशंटची चालत नाही, मावशी. नातेवाईकाची लागते.”

“पाय माझा ना रे? मग सही दुसऱ्याची कशाला?”

माझ्याकडे फक्त नियम होता. डॉक्टरही कचरले. परदेशी बाई, उद्या काही बरंवाईट झालं तर कोण निस्तरणार? मुंबईला वकिलातीत विचारा, म्हणाले. मी ट्रंक कॉल लावत बसलो. कधी लाइन मिळेना, कधी तिकडचे साहेब जागेवर नसत. वॉर्डातले लोक आपापल्या डब्यातलं तिला भरवत होते. दुसऱ्या दिवशी तिला थंडी वाजून ताप भरला.

तिसऱ्या दिवशी दुपारी तिनं माझा हात धरला. “तू कर की सही. इतकी वर्षं मावशी म्हणतोस.”

मी हसण्यावारी नेलं. “अहो, खरं नातं लागतं त्याला.”

खरं सांगायचं तर मी घाबरलो होतो. नोकरी कच्ची होती, पोलीस चौकशी करतील असं वाटत होतं. चष्मा काढून तिनं उशीशेजारी ठेवला आणि डोळे मिटून घेतले.

चौथ्या दिवशी सकाळी वकिलातीचा फोन आला. डॉक्टरांना योग्य वाटेल ते त्यांनी करावं, आमची हरकत नाही. त्याच्या तासाभर आधी मावशी गेली होती.

देह ताब्यात घ्यायलाही फॉर्म असतो. ‘मृताशी नाते’ या रकान्यात मी ‘भाचा’ असं लिहिलं आणि खाली सही केली. मोठ्या डॉक्टरांनी ते वाचलं, माझ्याकडे पाहिलं आणि शिक्का मारला.