भिंतीवरची निळी टिकली

जर्मेन थिबोडोची आमच्या शाळेत एकतीस वर्षं झाली, माझी तिच्यापेक्षा चार कमी. ती ऑफिसात, मी स्वयंपाकघरात. दोघींनी मिळून सहा मुख्याध्यापक पाहिले, कागदगिरणी बंद पडताना पाहिली, आणि सहावीत आलेली पोरं पुढे स्वतःची पोरं घेऊन सहावीत येताना पाहिली.

जर्मेनचं नाव सगळ्या खोऱ्यात झालं होतं ते एका गोष्टीसाठी. रोज सकाळी ती दारात उभी राहायची आणि तीनशे बारा मुलांना नावानं हाक मारून आत घ्यायची. नदी गोठलेली, नाक गळून पडेल असा वारा, तरी ही बाई कोट चढवून उभी. "ये, आर्मंड. ल्युसी, बहीण बरी आहे का गं?" एका पेपरवाल्यानं तिचा फोटोसुद्धा छापला होता. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून तिला रोज बघायचे, म्हणून पेपरवाल्याला न दिसलेली एक गोष्ट मला दिसायची. घंटा वाजली, शेवटचं पोर आत गेलं, तरी ती अर्धा मिनिट तिथेच उभी असायची. रस्त्याकडे बघत. ओठ हलायचे.

"कोणाची वाट बघतेस गं?" मी चिडवायचे. "नवऱ्याची? तो तर घरी घोरतोय."

ती हसायची आणि ऑफिसात जायची. दहा वर्षं मी हाच विनोद करत होते.

मागच्या हिवाळ्यात शाळेच्या आत्मपरीक्षणाची पाळी आली. दर दहा वर्षांनी येते. शाळेनं स्वतःकडे बघून खरं काय ते लिहायचं: आमचं गाव कसं आहे, आमचं ध्येय काय, आम्ही मुलांसाठी काय काय चालवतो. मग बाहेरून चार पाहुणे येतात, आपण लिहिलंय ते खरं आहे का ते तपासतात आणि शाळेची मान्यता पुढे चालू ठेवतात. नव्या मुख्याध्यापिका, मिसेस लिबी, मला म्हणाल्या, "इवोन, गावाच्या समितीत तुम्ही हव्यात. तुम्हाला गाव ठाऊक."

"गावाचं काय, अर्धं गाव माझ्या हातचं फुकट जेवतं, एवढंच लिहा," मी म्हटलं. त्यांनी ते खरंच लिहून घेतलं. फक्त भाषा एवढी गुळगुळीत केली की मलाच ओळखू येईना.

ध्येयाचं वाक्य मात्र जुनंच ठेवलं. ऑफिसच्या वर पाटीवर आहे: 'इथलं प्रत्येक मूल कुणा ना कुणा मोठ्या माणसाला ठाऊक असतं.' आता हे खरं कशावरून? त्यासाठी टिकल्या. वाचनालयाच्या भिंतीवर सगळ्या मुलांची नावं छापून लावायची. शाळेतल्या प्रत्येक मोठ्या माणसानं जायचं, आणि ज्या मुलाचं नाव आणि नावापलीकडचं निदान एक काहीतरी माहीत असेल त्याच्यापुढे रंगीत टिकली चिकटवायची. शिक्षकांना लाल, बसवाल्यांना पिवळ्या, ऑफिसला हिरव्या. निळ्या स्वयंपाकघराच्या, म्हणजे आता एकट्या माझ्याच. ज्या नावापुढे एकही टिकली नाही ते मूल हेरायचं आणि कुणा एकाच्या ओटीत घालायचं: रोज त्याच्याशी बोल, आलं नाही तर शोध. सगळा खटाटोप त्यासाठी.

मी गेले बुधवारी, जेवणं आटोपल्यावर. भट्टीत मफिन होते, त्यामुळे जीव तिकडे. दहा मिनिटांत चाळीस-पन्नास टिकल्या लावल्या आणि पळाले.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी बीन्सची मोठी पातेली घासत होते, तेवढ्यात जर्मेन आत आली. हातात एक पातळसं फोल्डर. चेहरा असा की मी तिला इतक्या आनंदात तिच्या नातवाच्या बाप्तिस्म्यालाही पाहिलं नव्हतं.

"इवोन, नोएला पिनेट," ती म्हणाली. "निळी टिकली तुझीच ना?"

"माझीच असणार. का गं?"

"तुला ती आठवते!"

"आठवते काय, नदीकाठच्या पिनेटांची ना ती? धाकटी?"

जर्मेनचा चेहरा जरा उतरला, पण सगळा नाही. स्टूल ओढून ती बसली. "नाही गं. नीट आठव. दहा वर्षांपूर्वीची. बटाट्याच्या सुट्टीनंतर आली होती. सातवीत."

आमच्याकडे बटाटे काढायला तीन आठवडे शाळा बंद असते. त्या वेळी बाहेरून माणसं येतात, काही थांबतात, बरीचशी जातात. तसल्याच कुणाबरोबर ही मुलगी आली होती. जर्मेननं सांगितलं ते असं.

दहा वर्षांपूर्वीही आत्मपरीक्षण होतं, याच भिंतीवर याच टिकल्या. सगळ्यांच्या लावून झाल्या आणि एक नाव रिकामं राहिलं, नोएला पिनेट. शाळेत सहा आठवडे झाले होते पोरीला. पाहुणे सोमवारी येणार. त्या वेळचे मुख्याध्यापक हॅस्केल जर्मेनला म्हणाले, "हे एक नाव उघडं बरं दिसत नाही. तू ऑफिसात बसतेस, तुला तर सगळेच ठाऊक. लावून टाक एक." जर्मेननं हिरवी टिकली लावली. अहवालात आलं, शंभर टक्के. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. आणि टिकली होती म्हणून नोएला कुणाच्याच ओटीत पडली नाही.

नाताळच्या सुट्टीनंतर ती आलीच नाही. पाच दिवस कुणाच्या लक्षात आलं नाही. सहाव्या दिवशी जर्मेननं फोन लावला, तो बंद. भाड्याचं घर रिकामं, मागच्या दारात बर्फ साचलेला. कळवायचं तिथे कळवलं. उत्तर आलं, कुटुंब दुसरीकडे गेलं असावं. हजेरीत लिहिलं, 'गाव सोडलं.'

"गेली असेल दुसरीकडे," मी म्हटलं. "असे कितीतरी जातात."

"जातात. पण मूल दुसऱ्या शाळेत गेलं की ती शाळा फोन करते, याचं फोल्डर पाठवा म्हणून. महिन्याभरात करते. एकतीस वर्षांत एकही फोल्डर माझ्याकडे पडून राहिलं नाही, इवोन." तिनं हातातलं फोल्डर मांडीवर सरळ केलं. "हे राहिलं. दहा वर्षांत कुणीसुद्धा मागितलं नाही."

मी नळ बंद केला.

"मला तिचा चेहरा आठवत नाही. फोटोच्या दिवशी ती आली नव्हती. मी रोज रात्री अंथरुणावर पडले की शोधते. केस कसे होते, उंची काय, काही नाही. माझ्या काउंटरसमोरून आठ आठवडे गेली असेल ना गं ती? आता जूनमध्ये मी निवृत्त होणार. माझ्यानंतर हे फोल्डर यंत्रात घालून फाडतील. म्हणून या वेळी नावांची यादी छापताना मी तिचं नाव मधे घातलं. आडनावांच्या क्रमानं, पेलेटिए आणि पॉटरच्या मधे."

"सापळा लावलास आम्हाला!" मी भडकलेच. "लाज नाही वाटली?"

"सापळा कसला गं. वाटलं, कुणीतरी त्या नावापाशी थांबेल. म्हणेल, अरे, ही अजून इथे कशी? म्हणजे त्याला ती आठवत असेल. मग मी जाऊन विचारीन." ती फोल्डरच्या कडेवरून बोट फिरवत होती. "आज सकाळी बघते तर चार टिकल्या! रडायलाच आलं मला. तिघांना विचारून आले. तिघांनी घाईत लावल्या होत्या. एक म्हणाला, दुसरी कुणी वाटली. उरलीस तू. आणि तू तर पोरांना रोज समोरासमोर वाढतेस."

पेन्सिल काढून ती माझ्याकडे बघत राहिली. आता काय सांगू? मीही घाईतच लावली होती, तीही मफिनपायी. पण ते म्हणायला तोंड उघडेना. तिच्या तोंडाकडे बघवत नव्हतं.

"हां, थांब," मी म्हटलं. "आठवली. बारीकशी होती. चॉकलेटचं दूध फार आवडायचं तिला. दोन-दोन डबे मागायची. मी द्यायचे गुपचूप."

पेन्सिल कागदाला टेकली आणि तिथेच थांबली.

जर्मेननं फोल्डर उघडलं नाही. न बघता म्हणाली, "तिला दूध चालत नव्हतं, इवोन. पहिल्याच पानावर आहे. डॉक्टरांची चिठ्ठी."

रागावली असती तर बरं झालं असतं. मी चार शब्द ऐकवले असते, तिनं आठ ऐकवले असते, मिटलं असतं. पण ती उठली, स्टूल जागेवर ठेवलं, "बीन्स छान झाल्या होत्या आज," म्हणाली आणि गेली.

मला तिचा असा संताप आला म्हणून सांगू! एवढी वर्षं उरावर घेऊन बसायचं, कुणाला सांगायचं नाही आणि वर नाव पेरून आम्हाला उघडं पाडायचं. मी पातेली आपटली. पुसलेलं काउंटर पुन्हा पुसलं. आणि पुसता पुसता हात थांबला.

डॉक्टरांची चिठ्ठी. ज्या मुलाला काही चालत नाही त्याची चिठ्ठी ऑफिसात येते, मग स्वयंपाकघराला कळवतात. मी त्यावरून कार्ड लिहिते आणि काउंटरच्या आतल्या बाजूला, वाढताना दिसेल असं लावते. मूल गेलं की कार्ड काढते. काढते, पण टाकत नाही. वरच्या फळीवर बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा आहे, त्यात जातात सगळी.

डबा खाली काढला. पिवळी पडलेली कार्डं, एकावर एक. शेंगदाणे नाहीत. अंडं नाही. अर्ध्या डब्यापर्यंत गेले असेन आणि ते आलं. माझंच अक्षर, माझाच तो पाय मोडलेला 'र'. 'नोएला पिनेट, सातवी. दूध नाही. रस द्यावा.' चारही कोपऱ्यांना चिकटपट्टीचे डाग, म्हणजे ते रोज माझ्या डोळ्यांसमोर होतं.

म्हणजे आठ आठवडे, रोज साडेअकराला, रांगेतून एक मुलगी माझ्यासमोर येत होती आणि मी दुधाचा डबा बाजूला ठेवून तिला रसाचा ग्लास देत होते. हाताला हात लागला असेल. 'थँक यू' म्हणाली असेल. मी काय म्हटलं असेल? 'चल, पुढे सरक', दुसरं काय म्हणते मी! मी तिथेच पिठाच्या पोत्यावर बसले, डोळे मिटले आणि शोधलं. ताट दिसलं, ग्लास दिसला, ग्लास पुढे करणारा माझा हात दिसला. त्यापलीकडे कोणी नव्हतं.

कार्ड घेऊन मी ऑफिसात गेले. शाळा सुटली होती. जर्मेन कोट घालत होती, यादीतून काढलेली नावाची ती पट्टी तिच्या टेबलावर होती, चार टिकल्यांसकट. मी कार्ड पट्टीशेजारी ठेवलं.

तिनं वाचलं. दोनदा वाचलं.

"मी खोटं बोलले मघाशी," मी म्हटलं. "आणि हे खरं असून मला आठवत नाही. शप्पथ सांगते, जर्मेन, काही म्हणजे काही आठवत नाही."

मग कोट तसाच अंगावर, तिनं फोल्डर उघडलं, कार्ड आत ठेवलं आणि पेन्सिल घेतली.

"रस कसला होता?"

"सफरचंदाचा," मी म्हटलं. "दुसरा आपण कधी मागवलाच नाही."

तिनं ते लिहून घेतलं.